निमंत्रणाची भाषा : एका लग्नपत्रिकेच्या निमित्ताने

लग्नपत्रिकेला कोणी वाङ्मय म्हणत नाही. कथा, कविता, आत्मकथन यांची चिकित्सा आपण करतो. पण वस्तीतल्या ज्या घरात एकही पुस्तक नाही, त्या घरातही भिंतीवरच्या खिळ्याला पाच-पंचवीस पत्रिका अडकवलेल्या असतात. आपली माणसे स्वतः लिहून, स्वतःच्या पैशाने छापून घरोघर वाटतात असा मजकूर दुसरा कोणता आहे? समाज स्वतःला काय समजतो, हे त्यात उघडपणे दिसते. म्हणून त्याचीही समीक्षा व्हायला हवी. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका ठरविण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा हा प्रश्न मला टाळता आला नाही.

तालुक्याच्या गावी पत्रिकांच्या दुकानात दुकानदाराने नमुन्यांचे जाड बाड पुढे टाकले. बहुतेक प्रत्येक पत्रिकेच्या दर्शनी भागावर सोनेरी उठावाचा गणपती होता. "आमच्यात हे चालत नाही," असे मी म्हणताच तो शांतपणे म्हणाला, "सर, त्यावर बुद्धाचं स्टिकर मारून देतो. तुमची बरीच मंडळी तसंच नेतात." त्याच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, निव्वळ व्यवहार होता. त्याने एक तयार पत्रिका दाखविली. मी बुद्धाच्या चित्रावरून बोट फिरविले, तर खालची सोंड बोटाला लागली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंकडून ज्या बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, त्यांतली तिसरी गौरी-गणपतीला देव न मानण्याची आहे. ती प्रतिज्ञा आपण मोडली, असे मी म्हणत नाही. आपण तिच्यावर स्टिकर लावले आहे, एवढेच म्हणतो. आणि ही केवळ छपाईची अडचण नाही. आपल्या पत्रिकांचा मजकूरही पुष्कळदा याच पद्धतीने तयार होतो.

प्रस्थापितांच्या पत्रिकेचा ठरलेला आरंभ 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असा असतो. आपल्याकडे तिथे 'तथागत भगवान बुद्ध व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कृपाशीर्वादाने' असे येते. आसन तेच राहिले, आसनावरची मूर्ती तेवढी बदलली. ज्या बुद्धाने माणसाला स्वतःचाच आधार घ्यायला सांगितले, तो कृपा कशी करील? ज्या बाबासाहेबांनी हक्क मागायला शिकविले, त्यांच्याकडे आपण आशीर्वाद मागतो. 'कृपा' हा शब्द देणारा वर आणि घेणारा खाली, अशी रचना गृहीत धरतो. त्याच रचनेविरुद्ध आपला सारा लढा आहे.

वेळेचेही तेच. मुहूर्त मानत नाही असे आपण सांगतो आणि पत्रिकेवर 'दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांनी' असे छापतो. ते एक मिनिट कुठून आले? पंचांग दारातून घालविले, ते घड्याळातून परत आले.

पण याच पत्रिकांनी काही मोलाचेही केले आहे, ते नाकारणे अन्याय होईल. 'शुभविवाहा'च्या जागी 'मंगल परिणय' आला, 'श्री.'च्या जागी 'आयुष्मान' आला. मला सर्वांत मोठा वाटतो तो 'कालकथित' हा शब्द. 'कै.' म्हणजे कैलासवासी. आपल्या मेलेल्या माणसांना दुसऱ्यांच्या देवाच्या घरी पाठवायचे नाही, असे एका साध्या समाजाने ठरविले आणि त्यासाठी वेगळा शब्द रूढ केला. मोठमोठ्या विद्रोही कवितांनी जे केले, ते या शब्दाने मांडवाच्या दारात उभे राहून केले आहे.

परंपराही आपल्याला कमी नाही. भटाशिवाय पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात लागला. महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी एका पत्रात विवाहविधी सांगितला आहे : होम नाही, सप्तपदी नाही. पाण्याने भरलेले मातीचे भांडे, त्यात सोडलेला सुती दोरा, त्याची दोन टोके दोघांच्या हातांत, अंगावर पांढरी वस्त्रे आणि मंगलसुत्ताचे पठण. इतका स्वच्छ विधी असताना त्याचे निमंत्रण मात्र उसन्या भाषेत का द्यावे?

खरी कसोटी पुढेच होती. मजकुरात बहिणीच्या नावाआधी सगळ्यांनी 'चि. सौ. कां.' गृहीत धरले होते. सौभाग्यकांक्षिणी, म्हणजे नवरा जिवंत राहावा एवढीच जिची आकांक्षा. माझी बहीण परिचारिका आहे. तिच्या आकांक्षा मी जाणतो. ते विशेषण मी काढले, त्याला फारसा विरोध झाला नाही. विरोध झाला तो आत्याच्या नावाला.

माझी आत्या तिसाव्या वर्षी विधवा झाली. ऊसतोडीच्या पैशातून तिने माझी बी.ए.पर्यंतची फी भरली. निमंत्रकांत तिचे नाव पहिले असावे असे मी म्हटले. बुद्धवंदना तोंडपाठ असलेले माझे चुलते म्हणाले, "मंगल कामात कशाला?" स्वतः आत्या म्हणाली, "माजं नाव नगं रं बाबा. उद्या पोरीचं काय बरंवाईट झालं तर माज्यावर यील." मी निरुत्तर झालो. 'सौ.' हे अक्षर एका बाईला पत्रिकेवर आणते आणि दुसरीला पत्रिकेबाहेर काढते. अस्पृश्यता म्हणजे काय हे ज्यांना पाठीवर कळले, त्यांनी शुभ-अशुभाच्या नावाने घरातच एक अस्पृश्य करून ठेवावी?

इथे मलाही माझी एक चूक मान्य केली पाहिजे. वडिलांचा आग्रह होता की नावापुढे पदव्या छापाव्यात : माझी एम.ए., बहिणीची बी.एस्सी. नर्सिंग. नव्या पांढरपेशांचा हा मिरविण्याचा सोस, अशी टीका मी वर्गात अनेकदा केली आहे. तेच मी वडिलांना ऐकविले. ते एस.टी.च्या डेपोत हेल्पर होते, फार बोलत नाहीत. म्हणाले, "तुझ्या आज्यानं उभा जन्म दुसऱ्याचं सांगावं वाहिलं. कागद त्याच्या हातात, पण त्यात काय लिवलंय ते त्याला कुणी वाचून दावलं न्हाई."

आजोबा आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावचे वेसकर. १९५८च्या कायद्याने महारवतन गेले. तोवर कुणाच्या घरी मयत झाले की परगावी बातमी घेऊन तेच पळत. गावाचे सांगावे ज्यांच्या पायांवर चालले, त्यांच्या स्वतःच्या लग्नाचे निमंत्रण कधी कागदावर आले नाही. त्यांच्या घराण्यातला पहिला छापील कागद काढताना 'एम.ए.' ही दोन अक्षरे वडिलांना हवी होती. त्याला मी मिरवणे म्हणत होतो. वाचणाऱ्याचा इतिहास न पाहता शब्दावर निवाडा देणारी समीक्षा प्रस्थापितांनी आपल्या साहित्यावर केली, तेव्हा आपण चिडलो होतो. तीच मी घरात करीत होतो. पदव्या छापल्या.

शेवटी साध्या पांढऱ्या कागदावर तीनशे प्रती निघाल्या. वर 'नमो बुद्धाय, जय भीम'. कृपा नाही, आशीर्वाद नाही. वेळ दुपारी बारा. निमंत्रकांत पहिले नाव 'आयुष्मती' म्हणून आत्याचे, खाली कालकथित आजोबांची आठवण. आत्याला मी ते वाचून दाखविले. तिने कागद हातात घेतला आणि नाव कुठे आहे तिथे बोट ठेवायला सांगितले.

लग्नाच्या दिवशी मात्र ती स्वयंपाकाच्या चुलीपाशीच थांबली. मंगलसुत्त सुरू झाले तेव्हा बहिणीने दोरा हातात घ्यायचे थांबून तिला हाक मारली, मग ती पुढे आली. म्हणजे छापलेल्या शब्दाने सगळे झाले नाही, कोणीतरी हाक मारावी लागली. पण तो शब्द छापला नसता, तर हाक मारण्याला आधार काय होता?

आपल्या पत्रिका आपणच लिहिल्या पाहिजेत. वाक्ये थोडी असोत, चित्र नसले तरी चालेल. मात्र मांडवात ज्याला उभे राहण्याचा हक्क आहे, असे एकही माणूस त्या कागदातून गळता कामा नये.