‘सिंहासना’भोंवतीं

अरुण साधू यांची ‘सिंहासन’ ही कादंबरी १९७७ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या वाचकांस एक खोड जडली आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अमुक, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे तमुक, असे कयास बांधीत ते बसतात. आमच्या बैठकींतील सुशिक्षित मंडळीही या कोड्यांत इतकी रमतात कीं, ग्रंथ मिटल्यावर हातीं दोन-चार नांवें उरतात, कादंबरी उरत नाहीं.

वस्तुतः साधूंचें लक्ष एका राज्ययंत्राकडे आहे. जो पक्ष वर्षानुवर्षें निवडणुका जिंकतो त्याला बाहेरच्या शत्रूचें भय उरत नाहीं. मग शत्रु घरांतच निपजतो. खरी लढाई एकाच पक्षाच्या दोन बंगल्यांत चालते, आमदारांची मोजदाद होते, आणि निष्ठेला खात्याचें मोल पडतें. भ्रष्टाचार येथें निराळें पाप म्हणून येतच नाहीं. बहुमत टिकविण्याचा तो रोजचा खर्च आहे.

पुढील इतिहास पाहावा. वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. त्यानंतर १९८६ पर्यंत त्या खुर्चीवर आठ वेळां नवा माणूस बसला. १९७८ च्या जुलैंत वसंतदादांचें मंत्रिमंडळ शरद पवार या त्यांच्याच सहकाऱ्यानें पाडलें. १९८२ सालीं सिमेंट व देणग्यांच्या प्रकरणांत उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अंतुल्यांना जावें लागलें. १९८६ सालीं निलंगेकर गेले ते मुलीच्या वैद्यकीय परीक्षेंतील गुणवाढीच्या आरोपावरून. आम्ही पडलों मास्तर, तेव्हां हें शेवटचें प्रकरण आम्हांस अधिक बोंचलें, हें कबूल करतों.

जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या चित्रपटाविषयीं मात्र आमची एक तक्रार आहे. (पटकथा विजय तेंडुलकरांची, साधूंची ‘मुंबई दिनांक’ही तींत मिसळली आहे.) शेवटीं पत्रकार दिगू टिपणीस भ्रमिष्ट होतो. निळू फुल्यांचा अभिनय अप्रतिम. परंतु हा शेवट आम्हांस सोईचा वाटतो. दिगूला आंतल्या गोटांतील सर्व बित्तंबातमी ठाऊक असते. राजकारणी त्याला जवळ करतात, तोही जातो. एवढें जाणणाऱ्या माणसाचा या यंत्रांत कांहीं वांटा आहे कीं नाहीं, हा अवघड प्रश्न वेडाच्या पडद्याआड झांकला जातो, आणि प्रेक्षक हळहळत सुटतो. दिगू शहाणाच राहिला असता, दुसऱ्या दिवशीं नव्या मंत्र्यांची यादी सुवाच्य अक्षरांत उतरवून त्यानें ती वेळेवर छापखान्यांत पोंचविली असती, तर आम्हांस अधिक भय वाटलें असतें.