झुरळ, साखर आणि चवदार तळं

माझी धाकटी बहीण मानसशास्त्र घेऊन बी.ए. करते. परवा तिच्या वर्गात मॅडमनी एक प्रात्यक्षिक केलं. टेबलावर सरबताचा ग्लास ठेवला. यात निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ बुडवून काढलंय असं समजा, आता कोण पिणार? सगळा वर्ग ईऽऽ करून हसला. तेवढ्यात एक पोरगी सहज बोलून गेली, "आमच्या आजीनं कामवाल्या बाईचा कप वेगळा ठेवलाय, ते पण असंच का?" मॅडम म्हणाल्या, "ते समाजशास्त्रात येतं. आपल्या सिलॅबसमध्ये नाही." आणि पुढचा धडा सुरू.

बहीण घरी येऊन म्हणाली, "दादा, मला वाटलं आता सगळे माझ्याकडं बघणार. कुणी बघितलं नाही. तरी मी माझी पाण्याची बाटली बाकाखाली ढकलली."

म्हणून तिचं पुस्तक मी वाचायला घेतलं. मी दहावीच्या पुढं शिकलेलो नाही, सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. जे वाचलं ते रात्रपाळी करून आल्यावर, डिक्शनरी शेजारी ठेवून. पुस्तक जाडजूड, गुळगुळीत, मूळ अमेरिकेचं. किळस या भावनेला त्यात एक पान आहे. रोगराईपासून वाचायला निसर्गानं माणसाला किळस दिली, असं ते पान सांगतं. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. सडकं मांस बघून ओकारी येते ती उगाच नाही. पण त्याच पानावर झुरळाचा जो प्रयोग दिलाय, तो नीट वाचला तर पानाच्या बोलण्याला तिथंच छेद जातो.

प्रयोग १९८६ सालचा, पॉल रोझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. झुरळ निर्जंतुक होतं आणि पिणाऱ्याला ते माहीत होतं. म्हंजे रोगाचा प्रश्न मिटला. तरी माणसांना ते सरबत नको झालं. मग किळस कशाची? जंतूची नव्हे, शिवण्याची. एकदा शिवलं की शिवलं. हे आपल्याला अमेरिकेनं सांगावं होय!

आता याच ग्लासाशेजारी महाड ठेवा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मग सवर्णांनी तळं शुद्ध करून घेतलं. १०८ घागरी, पंचगव्य, मंत्र. शेण आणि गोमूत्र पडलं की पाणी शुद्ध, माणसाची ओंजळ पडली की बाटलं. जे पुस्तक किळस म्हणजे घाणीपासून बचाव एवढंच शिकवतं, त्यानं या १०८ घागरींचा हिशेब द्यावा. तो देता येत नाही, म्हणून तो 'समाजशास्त्रात' ढकलायचा.

आमच्या धंद्यातलंच बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं रिंग खात्यात असत, विणकाम खातं मात्र त्यांना बंद. तिथं धोट्यात कांडी बदलताना सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या माणसाची थुंकी लागलेलं सूत, धोटा दुसऱ्याला नको असे. विणकामात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. ती किळस पोटातली नव्हती, तिला पगारपत्रक होतं.

आणि ती जन्मजात पण नाही. फॅलन, रोझिन आणि प्लायनर यांचं १९८४ चं संशोधन लहान पोरांवर आहे. अगदी लहान पोरांना अशा 'बाटण्याचं' फारसं काही वाटत नाही, वय वाढेल तसं ते येतं. कुठून येतं, हे त्या आजीच्या कपाला विचारा.

आपल्या बैठकीत हे बोललो तर एक मित्र तापला. म्हणाला, आपल्याच पोरानं वर्गात उभं राहून सगळ्यांना पाणी द्यावं, कोण पितो नि कोण नाही ते उघडं पडू दे. मित्रांनो, मला हे मान्य नाही. यात आपलं पोर झुरळाच्या जागी उभं राहतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात शाळकरी पोरांना भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. ते काम २००४ आणि २००६ साली छापून आलं. जिथं जात पुकारली नाही तिथं दलित पोरं सवर्ण पोरांच्या बरोबरीनं होती. जिथं सगळ्यांदेखत पुकारली तिथं मागं पडली. नुसतं पुकारण्यानं एवढं होतं, तर वर्गात ग्लास हातात देऊन उभं करायचं कुणाच्या जिवावर?

त्यापेक्षा रोझिनचाच दुसरा प्रयोग घ्या. त्याच १९८६ च्या लेखात आहे. दोन रिकाम्या बाटल्यांत एकाच पुड्यातली साखर डोळ्यांदेखत ओतायची. दोन चिठ्ठ्या, एकीवर साखर, दुसरीवर विषाचं नाव. कुठली चिठ्ठी कुठल्या बाटलीला ते विद्यार्थ्यानंच ठरवायचं, आपल्याच हातानं चिकटवायची. मग दोन्हींचं साखरपाणी पुढं करायचं. स्वतः चिकटवलेल्या चिठ्ठीला माणूस भितो! इथं कुणाची जात विचारावी लागत नाही, कुणाला उभं करावं लागत नाही. उघडा पडतो तो हात मागं घेणारा. त्यानंतर महाडची हकीकत मोठ्यानं वाचावी, त्याच तासाला, समाजशास्त्राची वाट न बघता.

हे सगळं लिहून मॅडमना दे, असं बहिणीला म्हणालो. ती म्हणाली, "तूच तुझ्या अंकात छाप, दादा. माझे इंटर्नलचे मार्क अजून त्यांच्याच हातात आहेत."