ऐतिहासिक बंदुकांच्या प्रतिकृती आणि शब्दांची साक्ष

जुन्या लष्करी बंदुकांच्या प्रतिकृती करवून त्या संग्रही ठेवण्याची हौस पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुजलेली आहे. तेथील हौशी संग्राहकांसाठी अशा बंदुका आपल्या देशातही तयार होतात. इकडे ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील शस्त्रप्रदर्शने, देखावे, फार काय दिवाळीतील किल्ल्यांवरचे मातीचे मावळे, यांवरून जुन्या बंदुकीचे एक रूप लोकांच्या मनात ठसत असते. हे रूप कितपत खरे, याची चिकित्सा केवळ शस्त्रतज्ज्ञांचे काम नव्हे. भाषेच्या अभ्यासकालाही तीत काही सांगावयाचे आहे.

प्रतिकृतिकाराची मुख्य चूक हाताची नसून वाचनाची असते, असे माझे मत आहे. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई सर केली. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. या तिन्ही प्रसंगांच्या वर्णनांत आपण ‘बंदूक’ हा एकच शब्द वापरतो. परंतु शब्द स्थिर राहिला तरी वस्तू स्थिर राहत नाही. तोड्याची, चकमकीची व टोपीची अशा निदान तीन बंदुका या एका शब्दाच्या पोटात आहेत. तिसरीचा तर एकोणिसाव्या शतकापूर्वी संभवच नाही. तिच्या मुळाशी असलेल्या स्फोटक द्रव्याच्या युक्तीचे फोर्साइथचे पेटंट 1807 चे आहे. तेव्हा मावळ्याच्या हाती टोपीची बंदूक देणारा कारागीर दीडशे वर्षांचे अंतर एका शब्दाच्या आधारे ओलांडतो.

यावर उपाय असा की, सामान्यनाम सोडून अवयवांच्या नावांकडे वळावे. तोडा म्हणजे जळती वात, रंजक म्हणजे नळीच्या कानाशी ठेवावयाची बारीक दारू, आणि गज म्हणजे गोळी व दारू ठासावयाची कांब. ज्या प्रतिकृतीत तोडा धरावयास जागाच नाही, ती तोड्याची बंदूक नव्हे, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. ‘चकमक’ हा शब्द मुळात तुर्की, ‘काडतूस’ हा पोर्तुगीजांकडून आलेला, आणि ‘गारदी’ हा युरोपीय भाषांतील ‘गार्द’वरून झालेला. कवायती पायदळाचा संबंध कोठून आला, हे या शब्दांवरून दिसते. इब्राहिमखानाचे गारदी 1761 मध्ये पानिपतावर लढले, ते याच परंपरेतील.

मात्र शब्दांच्या साक्षीलाही मर्यादा आहे. ‘ठासून सांगणे’ या प्रयोगावरून बंदुकीचा इतिहास रचू नये. ठासण्याची क्रिया बंदुकीवाचूनही होते. राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. पण कोश नाव देतो, माप देत नाही. त्यासाठी मूळ वस्तूच पाहिली पाहिजे. देशी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता बहुधा सरळ व सडपातळ असे, आणि नळी त्याला तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली असे. आजची पुष्कळ प्रतिकृती-कामे युरोपीय दस्त्यावर देशी नक्षी चढवून वेळ मारून नेतात. शिवाय हाताने घडविलेल्या नळ्यांची तोंडे सारखी नसत, म्हणून गोळीचा साचा बंदुकीगणिक जुळवावा लागे. शंभर प्रतिकृती हुबेहूब एकसारख्या निघाल्या, तर ती सफाई हाच त्यांच्यातील कालविपर्यास होय.

इंग्रजी बंदुकीबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘ब्राउन बेस’ या एका लोकप्रिय नावाखाली 46, 42 व 39 इंच नळीचे निरनिराळे नमुने येतात. यांपैकी 39 इंची ‘इंडिया पॅटर्न’ इंग्रज सरकारने 1790 च्या दशकात आपल्या सैन्यासाठी स्वीकारला. नावातील ‘इंडिया’ पाहून तो नमुना 1774 च्या ठाण्याच्या वेढ्यात दाखविणे म्हणजे पुन्हा नावालाच पुरावा मानणे होय.

सुरक्षिततेसाठी कित्येक प्रतिकृतींच्या नळीला कान पाडलेला नसतो. यास माझा आक्षेप नाही. उलट, हा फरक उघड दिसतो आणि कोणाला फसवीत नाही. फसवणूक होते ती चिठ्ठीत. ‘शिवकालीन बंदूक’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी प्रतिकृतीला अस्सलाचे आसन देते. विद्यार्थी त्या चिठ्ठीवर टिपण करतो, आणि टिपणातून ती प्रबंधात शिरते. अस्सल वस्तू काळाबरोबर झिजत व नाहीशी होत असताना, मागे उरणार आहे ती प्रतिकृतीच. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीबरोबर चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : कोणत्या मूळ वस्तूवरून ती केली, मूळ वस्तू कोठे आहे, कोणती मापे घेतली, आणि कोठे जाणूनबुजून फरक केला. हस्तलिखिताच्या संपादकाकडून आपण पाठभेदांची नोंद मागतो. लोखंड व लाकूड यांच्या संपादकाकडून त्याहून कमी मागण्याचे कारण नाही.