चिंध्या आणि दोर

देवळात दलित ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला येणारे उतारे ठरलेले आहेत. कष्टी जनांना विसावा, गरिबांना स्वर्ग, एका गालावर बसली तर दुसरा गाल. ह्या सगळ्यांत आपण काय करतो? हात पसरतो. कुणी बरं करतं, कुणी जेवू घालतं, आपण उपकार मानून घरी जातो.

खोपटातल्या एका खोलीत रविवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच जण शास्त्र वाचायला बसतो. नगरकडून आलेली एक म्हातारी मावशी असते. सगळा जन्म झाडू मारण्यात गेला. एकदा ती म्हणाली, "एवढ्या जाड पुस्तकात आपल्यातलं कुणी काय करतं का रं बाबा? का नुसतं घेतच बसतं?"

हा समीक्षेचाच प्रश्न आहे. तो देवळाला विचारला पाहिजे आणि आपल्या विचारवंतांनाही.

अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगलोरच्या भाषणातून ख्रिस्ती धर्मचिंतनाला दलितांच्या बाजूनं उभं केलं. त्यांच्या मांडणीत अनुवादाचा २६ वा अध्याय मोठा आहे. तिथं शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो आणि आपल्या पूर्वजांची गुलामी बोलून दाखवतो. निर्मल यांनी त्याच्या शेजारी आपले पूर्वज आणून उभे केले. लाज वाटून लपवायची गोष्ट त्यांनी कबुलीत मोठ्यानं म्हटली. हे त्यांचं ऋण आहे, ते नाकारायचं कारण नाही.

पण पुढं ते म्हणतात की, आपला देव सेवक आहे, धुणं धुणाऱ्याचा आणि सफाई करणाऱ्याचा देव आहे. इथं मी अडतो. सेवा हे मोठं काम, असं सांगूनच तर आपल्या हातात पिढ्यान् पिढ्या झाडू दिला. आता देवाच्याही हातात झाडू दिला तर तो आपल्या हातातून सुटणार कधी? दुसरी गोष्ट, २६ व्या अध्यायापर्यंत जाताना २३ वा लागतोच. त्याच्या आरंभीच खच्ची केलेल्या माणसाला देवाच्या मंडळीत यायला बंदी केलेली आहे. म्हणजे ह्या पुस्तकालाही गावकूस आहे.

त्या गावकुसाबाहेरचा एक माणूस यिर्मयाच्या ३८ व्या अध्यायात भेटतो. एबद-मलेख. हे धड नावसुद्धा नाही, अर्थ एवढाच की राजाचा दास. कूश देशाचा, म्हणजे परका, काळा. राजवाड्यातला खोजा. तिन्ही बाजूंनी बाहेरचा. यिर्मया सरदारांना नको ते बोलला म्हणून त्यांनी त्याला दोरानं विहिरीत सोडलं. विहिरीत पाणी नाही, नुसता चिखल. यिर्मया रुतत चालला. सिद्कीया राजा सरदारांपुढं हात टेकून मोकळा झालेला. तेव्हा हा दास उठतो, राजा वेशीत बसला होता तिथं जातो आणि चारचौघांत सांगतो, ह्या लोकांनी वाईट केलं आहे, तो माणूस तिथं भुकेनं मरेल. राजा माणसं देतो. दास कोठारातून जुनेर, फाटकी लुगडी-चिंध्या काढतो, दोराबरोबर खाली सोडतो आणि सांगतो, ह्या काखेत घाल, मग दोर लाव.

इथं मावशीनं मला थांबवलं. "काखंत दोर काचतो हे त्याला ठावं व्हतं. म्हंजे त्यानं वझं वढलेलं व्हतं."

किती उपदेश ऐकले, पण ह्या चिंध्यांवर कुणी बोललेलं ऐकलं नाही. ह्या माणसाला सेवेबद्दल शाबासकी मिळत नाही. त्यानं सरदारांविरुद्ध तोंड उघडलं, आणि ३९ व्या अध्यायात देवावर भरवसा ठेवला म्हणून शहर पडत असताना त्याला जिवाचं अभय मिळतं. इथं दास घेणारा नाही, वाचवणारा आहे. चिखलात संदेष्टा आहे आणि दोराचं वरचं टोक आपल्या हातात आहे.

हे आम्हाला पोथीतलं वाटत नाही. मे २०१९ मध्ये ठाण्यातच, ढोकाळीला, एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार मेले. माणसाला असं उतरवू नये म्हणून २०१३ चा कायदा होता. वेशीत जाऊन बोलणाराच कमी पडतो.

दुसरा उतारा रोमकरांस पत्राचा १६ वा अध्याय. नुसती नावांची यादी म्हणून तो वगळतात. त्यात पत्र लिहून देणारा तर्तिय मधेच आपला नमस्कार घालतो. शेवटी क्वर्त नावाचा भाऊ येतो. ह्या नावांचे अर्थ तिसरा आणि चौथा. गुलामांना अशी आकड्यांची नावं असत. आपल्यात कचरू, धोंडू, दगडू होते तसंच हे. पण इथं चौथ्याला भाऊ म्हटलं आहे. ज्यांचं नाव कुठल्याच यादीत बसत नाही त्यांनी ही यादी वाचावी. १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिला. १९५६ मध्ये शीख दलित आत आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती बाहेरच आहेत.

बौद्ध दोस्त म्हणतील, दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हेही पौलाच्याच नावावर आहे, मग हा खटाटोप कशाला? इफिसकरांस पत्रात ते आहे, खरं आहे. मी ते झाकत नाही. पुस्तक निर्दोष आहे असं माझं म्हणणंच नाही. म्हणणं एवढंच की, वाचायचा उतारा दुसऱ्यानं का निवडावा? ज्यांनी गाल पुढं करायचा उतारा निवडला त्यांनी आपलं अर्धं पुस्तक काढून घेतलं. ते परत घ्यायचं.

मावशीला अक्षर येत नाही. पुढच्या रविवारी तिनं आल्या आल्या विचारलं, "त्या चिंध्यावाल्याचं पुन्ना वाच."