तक्त्यावर नसलेली नदी

खाडीच्या परिसंस्थेचे तक्ते वर्गात टांगलेले आपण पाहतो. तिवरे, खेकडे, निवट्या, बगळे. सगळे जागच्या जागी. मात्र जिच्यामुळे खाडी ही खाडी होते, त्या नदीला बहुधा कोपऱ्यात एक निळी रेघ मिळते. आमचा आक्षेप त्या रेघेला आहे.

शहापूरच्या मुलांना समुद्र दूरचा वाटतो. वास्तविक भातसा काळूला, काळू उल्हासला मिळते आणि उल्हास वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. भातसा धरणाचे पुष्कळसे पाणी मात्र पिसे येथे उचलून मुंबईला नेतात. तिथे त्याचे सांडपाणी होते आणि त्यातले बरेच ठाण्याच्या खाडीत किंवा वरळी-वांद्र्याच्या समुद्रात येते. म्हणजे पाणी समुद्राला पोचतेच, पण वाट आणि गुण बदलून! गोड्या पाण्याचा ओघ घटला, की खारेपणा खाडीत आत सरकतो. निमखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कोळंबीच्या पिल्लांना ते बाधते. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपत जातो. (ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी जमतात, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जाही मिळाला, पण पक्षी आले म्हणजे पाणी निरोगी, हे अनुमान घाईचे आहे.)

मुरबाडच्या शाळेने तक्ता काढायचा तर काळूपासून सुरुवात करावी. तिवरांना शेवटचा कोपरा मिळाला तरी चालेल.