गंजिफांची पाने आणि शुभेच्छापत्रे

गेल्या दिवाळीत कडोदऱ्यास एका स्नेह्यांकडे आम्ही उतरलो होतो. सुरतेहून बारडोलीस जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव आता कापडाच्या गिरण्यांनी आणि महामार्गाच्या वर्दळीने गजबजले आहे. घरातील मुलींनी हाताने केलेली शुभेच्छापत्रे आमच्यापुढे मांडली. जाड कागदाची घडी, कडेस जरीच्या काठाची पट्टी आणि मधोमध रुपयाहून थोडे मोठे वर्तुळ, वर्तुळात मत्स्यावतार. तो सावंतवाडीच्या गंजिफांवरून उतरविलेला होता. हात सफाईदार होता, रंग नेमके होते. तरी काही उणे वाटले. ते काय, याचा उलगडा होण्यास आम्हांस थोडा वेळ लागला.

दशावतारी गंजिफांच्या संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. थरावर थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, गोल कापून पान सिद्ध होई, त्यावर बारीक कुंचल्याने चित्र आणि शेवटी लाखेचे रोगण. विसाव्या शतकाच्या मध्यास ही विद्या सावंतवाडीतही मावळू लागली होती. श्रीमंत शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी ती वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागीर बसविले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफांस भौगोलिक मानांकनही मिळाले. हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो.

आज या कलेचे जे कौतुक होते ते जवळजवळ सर्व राजाच्या पानांचे होते. पेट्या, तबके, भिंतीवरच्या चौकटी, शुभेच्छापत्रे, जिकडेतिकडे सिंहासनस्थ अवतार. परंतु १२० पानांत राजे दहाच. वजीर वगळले तर उरतात ती १०० पाने, आणि चिताऱ्याची खरी परीक्षा, आमच्या मते, त्यांतच आहे. एक कासव वर्तुळात बसविणे फारसे अवघड नाही. दहा कासवे अशी बसवावयाची की खेळणाऱ्याने न मोजता दश्शी ओळखावी, हे अवघड. तिघे खेळावयास बसले तर प्रत्येकाच्या वाट्यास ४० पाने. डावात हुकूम नाही. कोणते पान पडले, कोणते राहिले हे सारे ध्यानात ठेवावयाचे. अशा खेळात अष्टी आणि नव्वी यांचा घोटाळा झाला तर चित्र कितीही सुंदर असो, ते पान फुकट गेले. म्हणून चिताऱ्याने माशाला दोन-तीन फटकाऱ्यांवर आणले, परशूचा दांडा आखूड केला, मधली जागा मोकळी सोडली. हा संयम शोभेसाठी आलेला नाही, डावाच्या गरजेतून आला आहे. खेळ सुटला आणि चित्र उरले की पहिला लोप याचाच होतो. मुलींच्या मत्स्यावतारात मुकुटाची नक्षी होती, प्रभावळ होती, कडेला वेलबुट्टी होती. मोकळी जागा तेवढी नव्हती.

आमच्या स्नेह्यांच्या मातोश्रींचा आक्षेप निराळा होता. देवाचे चित्र पत्रावर नको, कारण पत्र चार दिवसांनी रद्दीत जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आम्ही म्हणालो, गंजिफांच्या डावात रामाचे पानही चादरीवर टाकीतच असत. त्यावर त्या म्हणाल्या, “टाकीत असतील, पण डाव संपल्यावर उचलून डबीत ठेवीत.” आम्हांस उत्तर सुचले नाही. गोमंतकातील देवळांत नवरात्रात मखर सजते, उत्सव सरला की सजावट उतरते. त्यात कोणास वावगे वाटत नाही, कारण देव सजावटीत नसतो, मखरात बसलेला असतो. कागद नाशिवंत असण्यात दोष नाही. त्यावर काय काढावे, एवढाच प्रश्न.

आणि त्याचे उत्तर त्याच संचात आहे. मत्स्याच्या पंजीवर देव नाही, पाच मासे आहेत. ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांतून अवतार आठवतो. ज्याला नाही त्याला पाच मासे तरी दिसतात. पत्र पुढे रद्दीत गेले तरी त्यावर देवाचे मुख नसते. बाजारात राजाला गिऱ्हाईक अधिक आहे हे आम्ही जाणतो, आणि कारागिरानेही पोट भरले पाहिजे. पण घरच्या घरी हौसेने करणाऱ्यांस ती अडचण नाही.

हे सारे बोलून झाल्यावर थोरल्या मुलीने कूर्माची सत्ती काढावयास घेतली. सहा कासवे कडेने, एक मध्ये. कडेची दोन एकमेकांस चिकटली, तेव्हा कागद बाजूस ठेवून तिने नवे वर्तुळ आखले. आम्ही निघालो तेव्हा तिसऱ्या कागदावर काम चालू होते.