रांग, शहराशोब आणि आपला वर्ग : डिस्टोपियन कादंबरी शिकवताना

पदव्युत्तर वर्गात बस्मा अब्दुल अज़ीज़ यांची ‘द क्यू’ ही कादंबरी शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात काल्पनिक काय आहे? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अब्बा तीन दिवस असेच उभे होते.” वर्ग हसला. मला मात्र लगेच उत्तर सुचले नाही. रोज दिसणारी गोष्टच कादंबरीत असेल, तर तिला ‘डिस्टोपिया’ हे वेगळे नाव देण्याचे प्रयोजन काय?

आपल्याकडे हा विषय बहुधा हक्स्ले (१९३२) आणि ऑर्वेल (१९४९) यांच्यापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. पाळत, प्रचार, भाषेचा संकोच, व्यक्तीचा पराभव अशी वैशिष्ट्ये फळ्यावर लिहिली जातात आणि परीक्षेत ‘डिस्टोपियाची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो. विद्यार्थी मुद्दे पाठ करतात, कादंबरी मात्र वाचत नाहीत. मी स्वतः अनेक वर्षे हेच करीत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

‘द क्यू’ या मुद्द्यांत सहज बसत नाही. मूळ अरबी ‘अल्-ताबूर’ २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि एलिझाबेथ जॅकेट यांचा इंग्रजी अनुवाद २०१६ साली आला. लेखिका इजिप्तमधील मनोविकारतज्ज्ञ असून त्यांनी छळ सोसलेल्या माणसांसोबत काम केले आहे. नाव नसलेल्या शहरात एका उठावानंतर ‘दरवाजा’ नावाची सत्ता सर्वच परवानग्या आपल्या हाती घेते. पण हा दरवाजा उघडतच नाही. याह्याच्या पोटात गोळी आहे. ती काढायला परवाना लागतो, म्हणून तो रांगेत उभा राहतो. गोळी झाडलीच गेली नाही, असे सत्ता म्हणते. एक्स-रे नाहीसा होतो. जे घडले ते चित्रपटाचे चित्रीकरण होते, असेही पुढे सांगितले जाते आणि याह्याची मैत्रीण अमानी, स्वतः अंधाऱ्या कोठडीतून आल्यावर, त्यावर विश्वास ठेवू लागते. माझ्या मते कादंबरीचा सर्वांत भयंकर भाग हाच. गोळीची जखम शरीरात आहे आणि प्रेमाचे माणूस ती नाकारते आहे.

कादंबरीची रचनाही लक्षात घ्यावी. प्रत्येक भागाचा आरंभ याह्याच्या वैद्यकीय फाईलमधील कागदाने होतो. डॉक्टर तारेक ती फाईल पुन:पुन्हा उघडतो. नियम मोडून शस्त्रक्रिया करण्याचे बळ त्याच्यात नाही आणि फाईल कायमची बंद करून टाकण्याचेही नाही. दोषही आहेत. रांगेतील काही पात्रे वृत्तीचे नमुने म्हणूनच राहतात, आणि फोन कंपनीचे उपकथानक मला ताणलेले वाटले.

उर्दूच्या विद्यार्थ्यांना येथे शहराशोबची आठवण व्हावी. सौदा, मीर, नज़ीर यांनी उजाड होत चाललेल्या शहरांवर लिहिले. १८५७ नंतरच्या दिल्लीवरील अशा कवितांचा ‘फ़ुग़ान-ए-देहली’ हा संग्रह १८६३ साली निघाला. त्यांत पगार थकलेला शिपाई आहे, गिऱ्हाईक हरवलेला कारागीर आहे, आश्रयदाता गमावलेला शायर आहे. व्यवस्था कोसळली, हा तेथील आक्रोश. ‘द क्यू’मधील व्यवस्था मात्र कोसळलेली नाही, उलट ती नेटकी चालते. फाईल अद्ययावत आहे, नियमाला क्रमांक आहे. शहराशोबमधला माणूस मोठ्याने रडू शकतो. रांगेतल्या माणसाला रडताना आपला नंबर जाईल अशी भीती वाटते. त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला हेच सांगितले. अब्बांना दाखला मिळाला नाही म्हणून चीड आली, तोवर ते वास्तव आहे. ती चीड येईनाशी झाली की कादंबरी सुरू होते.

आणखी एक अडचण आहे, आणि आपल्या वर्गांत ती अधिक जाणवते. प्रयाग अकबर यांची ‘लैला’ (२०१७) वाचताना विद्यार्थी पटकन म्हणतात, “ही आमचीच गोष्ट.” शुद्धतेच्या नावाने भिंती घालून वस्त्या वेगळ्या केलेले शहर, रिझवानची पत्नी शालिनी, हरवलेली मुलगी लैला; असे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते नाकारू नये. परंतु तेवढ्यावर थांबलो तर कादंबरीचा अर्धा भाग हातून सुटतो. शालिनीच्या सुखी दिवसांत घरातली मोलकरीण सपना आहे, आणि तिच्याशी वागताना शालिनीनेही एक भिंत घातलेली आहे. ही बाजू वर्गात मांडली की थोडी शांतता पसरते. आपण पीडितच आहोत असे मानून बसलेल्या वाचकाला ती रुचत नाही.

अहमद ख़ालिद तौफ़ीक़ यांच्या ‘यूटोपिया’बाबत (२००८) उलटे घडते. कथानक २०२३ मध्ये घडते. श्रीमंतांची संरक्षित वसाहत आणि बाहेरच्या गरिबांची शिकार करायला निघालेला तरुण. ते साल आता मागे पडले. “भाकीत चुकले,” असे एका मुलाने ठामपणे लिहिले. मी त्याला गुण कापले नाहीत, फक्त समासात लिहिले की शिकारी आणि सावज दोघेही आळीपाळीने निवेदक का आहेत, ते पाहावे.

यंदा अंतर्गत परीक्षेत वैशिष्ट्यांचा प्रश्न मी वगळला. त्याऐवजी विचारले : तारेकच्या जागी राहून फाईलमध्ये एक नोंद लिहा. निम्म्या वर्गाने शस्त्रक्रिया करून टाकली. त्या विद्यार्थिनीने मात्र ती केली नाही. तिच्या नोंदीत तारीख होती, रुग्णाचे नाव होते, आणि ‘प्रकृती स्थिर’ असा शेरा होता. त्याखाली तिने सही केली होती.